काडतुसाविना दोन महिने

बंगळूरच्या जे. पी. नगरमधून आजचा भाग. मागच्या भागात आपण ट्रॅप आणि स्कीट या दोन प्रकारांतला फरक पाहिला. आज विषय जरा उलटा आहे : बंदूक चालवायची नसते तेव्हा नेमबाजाने काय करायचं?

हा प्रश्न मला दर डिसेंबरमध्ये येतो. विचारणारे बहुतेक आपल्यासारखे हौशी असतात. नोकरी-धंदा सांभाळून महिन्यातून दोन-तीनदा रेंजवर जाणारे, राज्यस्तरीय स्पर्धेत उतरणारे, पुढच्या यादीत नाव थोडक्यात हुकलेले. "सर, आता मार्चपर्यंत सुट्टी का?" असं ते विचारतात. माझं उत्तर असं : काडतुसांना सुट्टी द्या, पण डोळ्यांना, खांद्याला आणि वहीला देऊ नका.

हिवाळा 'बिगरहंगाम' कसा?

युरोपात बर्फ पडतो म्हणून हंगाम थांबतो. बंगळूरला तसलं काही नाही. डिसेंबरात पहाटे एक स्वेटर पुरतो आणि दुपारी तोही काढावा लागतो. आपल्याकडचं कारण वेगळं आहे. क्लेची राष्ट्रीय स्पर्धा साधारण वर्षाच्या शेवटी किंवा नव्या वर्षाच्या सुरुवातीला होते आणि तिच्या आधी पात्रता स्पर्धा. त्यातली सगळ्यांना ठाऊक असलेली म्हणजे मावळणकर स्पर्धा. हे मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर. आडनावाने आपले, कर्मभूमी अहमदाबाद. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. तर ज्यांचं नाव राष्ट्रीय स्पर्धेच्या यादीत लागतं, त्यांचा हिवाळा भरलेला. ज्यांचं लागत नाही, त्यांचे दोन-अडीच महिने रिकामे. उत्तरेतल्यांना वर धुक्याचा त्रास. क्ले दिसलाच नाही तर फोडायचा कसा?

गंमत म्हणजे एके काळी भारतात हिवाळा हाच छर्ऱ्याच्या बंदुकीचा मुख्य हंगाम होता. बदकं आणि पाणलाव्हे थंडीत उतरायचे आणि संस्थानिकांच्या शिकारी रंगायच्या. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, अशी नोंद आहे. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो अध्याय संपला. तेच भरतपूर आज केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे आणि थंडीत तिथे लोक दुर्बिणी घेऊन जातात. बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांनी मातीच्या तबकडीवर नाव कमावलं. १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदक आणि कारकिर्दीत पाच ऑलिंपिक. दिल्लीची तुघलकाबादची रेंज त्यांच्याच नावाची आहे.

आणि स्कीट? तो खेळ जन्मालाच आला बिगरहंगामातून. १९२० च्या सुमाराला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी चार्ल्स डेव्हिस नावाचे शिकारी होते. शिकारीचा हंगाम नसताना हात गंजू नये म्हणून त्यांनी जमिनीवर घड्याळासारखं वर्तुळ आखलं आणि प्रत्येक आकड्यावर उभं राहून क्ले फोडायला सुरुवात केली. पुढे शेजारच्या जागेत कोंबड्यांचं फार्म आलं. त्या बाजूला छर्रे जाऊ नयेत म्हणून वर्तुळाचं अर्धवर्तुळ झालं. आज ऑलिंपिकमध्ये जी मांडणी दिसते ती शेजाऱ्याच्या कोंबड्यांमुळे. १९२६ मध्ये खेळाला नाव सुचवण्याची स्पर्धा झाली आणि 'स्कीट' हे नाव निवडलं गेलं. म्हणजे रिकाम्या महिन्यांत काय करायचं, या प्रश्नातून एक अख्खा खेळ निघाला. आपल्याला निदान चार सवयी तरी काढता येतील.

चुकतं नेमकं काय?

कामाला लागण्याआधी हे समजून घ्या, म्हणजे घरचा सराव कशासाठी ते कळेल.

क्ले म्हणजे ११० मिलिमीटर व्यासाची, साधारण १०५ ग्रॅमची तबकडी. आपल्या काडतुसात २४ ग्रॅम छर्रे. साडेसात नंबरचे घेतले तर सुमारे ३०० दाणे. ट्रॅपमध्ये तबकडी तुमच्यापासून दूर पळते आणि पहिला बार पाऊण सेकंदाच्या आसपास सुटायला हवा. स्कीटमध्ये ती समोरून आडवी जाते. चौथ्या स्टेशनचं उदाहरण घ्या. तबकडी तुमच्यापासून वीसेक मीटरवर आहे. छर्ऱ्यांना तिथे पोचायला सेकंदाच्या शंभर भागांतले पाच-सहा भाग लागतात. तेवढ्यात तबकडी मीटर-सव्वा मीटर पुढे गेलेली असते.

म्हणजे तबकडी जिथे दिसते तिथे मारलं, तर छर्रे तिच्या मागून जाणार. म्हणून नळी तिच्या पुढे चालत राहायला हवी, चाप ओढताना आणि ओढल्यानंतरही. आणि इथेच आपण हौशी लोक अडकतो. चाप ओढण्याच्या क्षणी मन म्हणतं, "नीट बघून घे." डोळा तबकडीवरून नळीच्या टोकावर येतो, हात थबकतो, बंदूक थांबते. तबकडी मात्र कुणासाठी थांबत नाही. दहा चुकलेल्या क्लेंपैकी बरेच असे मागून गेलेले असतात.

आता विचार करा. हात न थांबवणं, गाल दस्त्यावर प्रत्येक वेळी त्याच जागी टेकणं, नजर तबकडीवर राहणं : या तिन्ही गोष्टींना काडतूस लागतं का? नाही. उलट काडतूस असलं की धक्का, आवाज आणि गुण यांत लक्ष अडकतं आणि मूळ हालचाल दिसतच नाही. म्हणून मी म्हणतो, हालचाल घडवायचे महिने हेच.

घरातला सराव : आधी नियम

मी फ्लॅटमध्ये राहतो. समोरच्या इमारतीची गॅलरी दहा-बारा मीटरवर आहे आणि तिथे एक अज्जी संध्याकाळी तुळशीपाशी बसतात. त्यांना खिडकीतून खांद्याला बंदूक लावलेला माणूस दिसला, तर त्या पोलिसांना फोन करतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. म्हणून क्रम ठरलेला आहे.

पहिलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. सरावाच्या खोलीत एकही नको, खिशातसुद्धा नको. दुसरं, बंदूक उघडायची आणि दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड बघायचा. घरात कुणी जाणतं असेल तर त्यांनाही दाखवायचा. तिसरं, पडदे ओढायचे, दार लावायचं, घरच्यांना सांगायचं. चौथं, रिकामी असली तरी बंदूक भरलेलीच समजायची. माणसाच्या दिशेने, दाराच्या दिशेने, खिडकीच्या दिशेने नाही. भक्कम भिंत बघून उभं राहायचं. चाप ओढायचा असेल तर नळीत सरावाचं डमी काडतूस घालायचं, म्हणजे आतल्या पिनेला मार बसत नाही. आणि सराव संपला की बंदूक लगेच कुलपात. "चहा घेऊन ठेवतो" असं नाही.

घरात लहान मुलं असतील आणि एवढी काळजी शक्य नसेल, तर बंदूक काढूच नका. तेवढ्याच वजनाची काठी घ्या. अर्धा फायदा तिच्यातही मिळतो.

तीन व्यायाम

डोळे मिटून. नजर भिंतीवरच्या एका खुणेवर ठेवा. डोळे मिटा. बंदूक खांद्याला लावा. डोके खाली झुकवून दस्त्याला भेटायला जाऊ नका, दस्ता गालाकडे आणा. आधी गाल, मग खांदा. आता डोळे उघडा. नळीवरची पट्टी सरळ डोळ्यासमोर दिसते का? दरवेळी डावीकडे किंवा खाली दिसत असेल, तर एक तर तुमची सवय वाकडी आहे, नाही तर दस्त्याचं माप तुम्हाला बसत नाही. वीस वेळा करून तेच दिसलं तर जाणत्या कारागिराला दाखवा. हंगामात दस्ता बदलला तर दोन महिने गुण पडतात. बदलायचा असेल तर आत्ताच.

छताची रेघ. भिंत आणि छत जिथे मिळतात ती सरळ रेघ प्रत्येक घरात फुकट मिळते. नळीच्या तोंडात घट्ट बसेल असा छोटा टॉर्च लावा. उजेडाचा ठिपका एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघेवरून न्यायचा. सुरुवातीला सावकाश. ठिपका वरखाली नाचत असेल, तर तुम्ही हातांनी ओढताय. कंबरेतून, पायांतून वळा. जमलं की मध्यावर चाप ओढा आणि ठिपका कोपऱ्यापर्यंत नेत राहा. चाप ओढल्यावर ठिपका थबकला की लगेच दिसतो. रेंजवर जी चूक दिसत नाही ती घरच्या भिंतीवर दिसते. मला विचाराल तर सगळ्यात मोलाचा व्यायाम हाच.

आधी बघ, मग हल. पुढ्यात कुणाला तरी उभं करा. त्याने भिंतीवर दुसऱ्या टॉर्चचा ठिपका अचानक लावायचा आणि सरकवायचा. तुम्ही "पुल" म्हणायचं, ठिपका दिसेपर्यंत बंदूक हलवायची नाही. स्कीटमध्ये हाक दिल्यावर तबकडी लगेच येईल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही येईल, आणि ती दिसेपर्यंत दस्ता कंबरेशीच हवा. ती अधीरता इथे मोडते. ठिपका लावणारा माणूस तुमच्या बाजूला, जरा मागे उभा राहील. समोर कधीच नाही.

किती करायचं? पंचवीस वेळा म्हणजे एक फेरी. दिवसाला दोन फेऱ्या, आठवड्यातून पाच दिवस, आठ आठवडे : दोन हजार वेळा बंदूक खांद्याला लागली. तेवढी काडतुसं उडवायची तर आपल्यातल्या बहुतेकांचं वर्षाचं बजेट संपेल. पण दमलेल्या हातांनी चाळीस वेळा करण्यापेक्षा ताज्या हातांनी पंधरा वेळा करा. दमलेला हात चुकीचं शिकतो आणि ते पाठही करतो.

डोळे आणि तलाव

आधी साधी तपासणी. दोन्ही हातांचे तळवे पुढे धरून मध्ये छोटं भोक करा आणि त्यातून दूरची एखादी वस्तू बघा. एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू भोकात राहते तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या खांद्याने मारणाऱ्याचा मुख्य डोळा डावा असेल, तर नेम सतत एका बाजूला सरकतो. वयाबरोबर यात फरक पडू शकतो, म्हणून वर्षातून एकदा बघाच. चष्म्याचा नंबरही याच दिवसांत तपासून घ्या.

मग बाहेर पडा. आमच्या जे. पी. नगरच्या सातव्या फेजमध्ये पुट्टेनहळ्ळीचा तलाव आहे. यलहंक्याला याच नावाचा दुसरा आहे, तो वेगळा. आमचा हा तलाव आजूबाजूच्या रहिवाशांनी ट्रस्ट करून जपला आहे. थंडीत सकाळी सात वाजता तिथे काठावर अर्धा तास उभं राहा. बंदूक नाही, काठी नाही, हात खिशात. तारेवरचा वेडा राघू बघा. तो झेप घेतो, हवेत किडा पकडतो आणि परत त्याच जागी येतो. तुमचं काम एवढंच : तो उडाल्या क्षणी नजर त्याच्यावर पडली पाहिजे आणि परत बसेपर्यंत सुटता कामा नये. वरून पाकोळ्या जातात, त्या त्याहून अवघड. वाटेत येणाऱ्या तारा, फांद्या यांवर नजर अडकते का ते बघा. जी नजर फांदीवर अडकते, तीच रेंजवर नळीच्या टोकावर अडकते.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. भारतात ती १९८७ पासून चालू आहे. तुमच्या गावच्या पक्षिमित्रांना विचारा आणि सामील व्हा. ज्या पक्ष्यांवर या खेळाच्या पूर्वजांनी बार काढले, ते मोजायला आपण जावं, हे मला योग्य वाटतं. सालिम अलींची सुरुवातही एअरगनने पाडलेल्या एका चिमणीपासूनच झाली होती.

मान, कान आणि बंदूक

बंदुकीचं वजन साडेतीन-चार किलो. स्पर्धेत पाच फेऱ्यांत १२५ तबकड्या, ट्रॅपमध्ये प्रत्येकीला दोन बारांची मुभा. शेवटच्या फेरीत मान आखडते, गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि बार वरून जातो. म्हणून मानेचे हळू व्यायाम, खांद्यामागच्या स्नायूंचे व्यायाम आणि कंबर वळवण्याचे व्यायाम करा. सूर्यनमस्कार घालत असाल तर उत्तम, चालू ठेवा. जिमला जाऊन छाती फुगवली तर दस्ता बसायची जागा बदलते, हेही ध्यानात ठेवा.

कानांचं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. बाराबोअरचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. अशा आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. उजव्या खांद्याने मारणाऱ्यांचा डावा कान नळीच्या तोंडाला जास्त सामोरा असतो, म्हणून तो आधी बिघडतो. टीव्हीचा आवाज वाढवताय असं घरचे म्हणत असतील, तर थंडीतच कानांची तपासणी करून घ्या आणि पुढच्या हंगामात आत बोळे, वर इअरमफ असं दुहेरी संरक्षण वापरा.

बंदुकीचं थोडक्यात. पावसाळ्याची ओल नळीत आणि सांध्यांत बसलेली असते. पूर्ण साफ करा, तेलाचा अगदी पातळ हात द्या. कापडी किंवा स्पंजच्या पिशवीत महिनोन्महिने ठेवू नका, पिशवी ओल धरते. स्प्रिंग, पिना आणि चाप तपासायला अधिकृत दुरुस्तीवाल्याकडे द्यायची असेल तर हीच वेळ.

कपाटातली फाइलही काढा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्रपरवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. मुदत लांबली की माणूस तारीख विसरतो. परवान्यावरची तारीख बघा, मोबाइलमध्ये सहा महिने आधीची आठवण लावा, काडतुसांच्या नोंदी जुळवा. निवडणुका जवळ असतील तर शस्त्र जमा करण्याचे आदेश निघतात. पोलीस ठाण्यात आधीच विचारून ठेवलं तर ऐन सरावात धावपळ होत नाही.

वही

आता शेवटचं, पण कंटाळा करू नये असं. वर्षभराचे स्कोअर कागद जमिनीवर पसरा. नुसते १९, २१, १८ असे आकडे बघू नका. प्रत्येक चुकलेल्या क्लेपुढे तीन गोष्टी लिहा : कुठल्या जागेवरून, कुठल्या दिशेने गेलेला, फेरीत कितवा.

समजा दहा फेऱ्यांत तुमचे ५० क्ले चुकले. त्यातले २२ जर उजवीकडे जाणारे निघाले, तर तुम्ही वाईट नेमबाज नाही, तुमचं उजवीकडचं वळण वाईट आहे. पाय लावण्याची जागा बदला आणि छताच्या रेघेचा व्यायाम डावीकडून उजवीकडे जास्त करा. चुका जर विसाव्या क्लेनंतर वाढत असतील, तर दोष बंदुकीत नाही, दमात किंवा मनात आहे. पहिल्या तीनमध्येच वाढत असतील, तर तयारीविना फेरी सुरू होते आहे. वही असं बोलते. मार्चमध्ये रेंजवर जाताना "सगळं सुधारायचंय" असं म्हणणारा काही सुधारत नाही. "उजवीकडचा क्ले" असं म्हणणारा सुधारतो.

एका क्लेची किंमत काय असते? ५ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक, स्कीटची मिश्र सांघिक स्पर्धा. महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंह नरुका कांस्यपदकासाठी चीनशी खेळले. चीन ४४, भारत ४३. एक तबकडी. ही जोडी जगातल्या उत्तमांत मोडते. तिथे अंतर एका क्लेचं असतं, तर आपल्या राज्यस्तरीय यादीतही ते एक-दोन क्लेंचंच असतं. तुमचं नाव ज्या यादीत हुकलं ती काढून बघा. शेवटच्या पात्र माणसाचे गुण आणि तुमचे गुण यांत किती फरक आहे? बहुतेकांना दिसेल की तो डोंगराएवढा नाही. तेवढे दोन क्ले या दोन महिन्यांत, एकही काडतूस न उडवता, घरच्या भिंतीवर मिळवता येतात.

या आठवड्याचं काम लिहून घ्या. सोमवार ते शुक्रवार वीस मिनिटं घरातला सराव, नियम पाळून. शनिवारी बंदुकीची साफसफाई आणि वही. रविवारी तलाव. बास.

पुढच्या भागात दस्त्याचं माप कसं घ्यायचं ते बघू. त्यासाठी एक टेप आणि डोळे मिटून केलेल्या व्यायामाचा तुमचा वीस वेळांचा हिशेब तयार ठेवा. भेटू.